न फोडलेली पाकिटं

फॉर्म भरायला बसल्यावर पोस्टमनकाकांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्यातली एक ओळ खोडली. नाव, पत्ता, वय सगळं नंतर. आधी समोरच्या टेबलावरची पट्टी मागून घेतली, खिशातलं पेन काढलं आणि ‘पत्रं वाचून दाखवणे’ या ओळीवरून सरळ रेघ मारली.

समोर संस्थेची बाई बसली होती. चष्मा केसांत खोचून दिवसभर तोच शोधत बसायची तिला सवय होती, म्हणून काकांनी मनातल्या मनात तिचं नाव चष्मेवाली ठेवून टाकलं होतं. ती म्हणाली, “अहो, असू द्या की ती ओळ. बाजारहाट, गप्पा, दिवे बदलणं, पत्रं वाचणं, ही नुसती कामांची यादी आहे.”

“बाकी सगळं करीन. जिना झाडायला सांगा, झाडीन. पण दुसऱ्याचं पत्र माझ्या हातून फोडलं जाणार नाही. चौतीस वर्षं टपाल वाटलंय मी.”

चष्मेवालीला हे फारच आवडलं. तिनं ती रेघ शेजारच्या टेबलावरच्या दोघांना दाखवली. तेही माना डोलावून हसले, आणि काका त्या दिवशी छाती काढून घरी गेले.

काका या परक्या देशात आले होते ते मुलाच्या आग्रहाखातर. बायको गेल्यावर घर खायला उठलं होतं, आणि मुलगा फोनवर रोज एकच दळण दळायचा, “बाबा, एकटे तिथे काय करता?” इथे आल्यावर त्यांना कळलं की एकटं राहायची सोय इथेही उत्तम आहे. सकाळी आठला मुलगा आणि सूनबाई कामाला जायची. मग संध्याकाळी सहापर्यंत चौथ्या मजल्यावर काका आणि भिंतीवरचा हीटर. हीटर निदान मधूनमधून आवाज तरी करायचा. काका इथली भाषा शिकायच्या वर्गाला जाऊन आले. बोलताना अडखळायचे, पण वाचायला पक्के झाले, कारण सगळा जन्म अनोळखी अक्षरांचे पत्ते लावण्यातच गेला होता. वर्ग संपला तशी तीही वाट बंद झाली. मग ते खाली उतरून इमारतीच्या टपालपेट्यांपाशी उभे राहू लागले. कुणाचं पाकीट अर्धवट बाहेर लोंबत असेल तर आत सारायचे, चुकीच्या पेटीत पडलेलं बरोबर पेटीत टाकायचे. महिन्याभरात तिथे कुणीतरी चिठ्ठी चिकटवली, ‘चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आमच्या टपालाला हात लावू नये.’ सूनबाई शरमेनं अर्धी झाली. घरात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास माणूस पाठवणारी ही संस्था तिनंच शोधून काढली. पगार नाही, काही नाही. काकांना तरी पगार कुठे हवा होता, त्यांना फक्त चढायला एक जिना आणि ठोठावायला एक दार हवं होतं.

ते दार बाजारापलीकडच्या एका जुन्या इमारतीत मिळालं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पायऱ्या बावन्न. आत एक्क्याऐंशी वर्षांची बाई राहायची. चाळीस वर्षं तिनं हातमोज्यांच्या कारखान्यात बोटं शिवली होती, म्हणजे हातमोज्यांची. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही, एक भाची होती ती दुसऱ्या शहरात. पहिल्या दिवशी काकांनी घंटा वाजवायला हात वर केला आणि दार आपोआप उघडलं.

“उजव्या बुटाची टाच झिजलीय तुमच्या,” ती म्हणाली. “पहिल्या मजल्यापासून ऐकतेय.”

“उजव्या खांद्यावर थैली असायची. पोस्टमन होतो मी.”

“मग या, पोस्टमन. चहा घेणार ना?”

चहा ओतताना तिनं कपाच्या आत बोटाचं टोक धरलं होतं. चहा बोटाला लागला की थांबायचं. काकांनी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं. दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर काय बघायचं आणि काय नाही हे पोस्टमनला शिकवावं लागत नाही.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत तिनं आपणहूनच सांगितलं. काचबिंदू होता. एक डोळा पूर्ण गेला होता. दुसऱ्यानं खिडकीचा उजेड, टेबलाची कड, दारात उभ्या राहिलेल्या माणसाचा आकार एवढं दिसायचं. हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले होते, वेळेत ऑपरेशन केलं तर हे एवढं तरी राहील. नाव यादीत घातलंय, नंबर लागला की कळवू.

“एवढ्यावर माझं घर चालतं,” ती म्हणाली. “एवढंही गेलं तर भाची मला वृद्धाश्रमात नेऊन टाकणार. तिनं कागद तयार ठेवलेत. पण त्याआधी हॉस्पिटलचा फोन येईल.”

फोन तिनं खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवला होता. न्हाणीघरात जातानाही दार उघडं ठेवायची, वाजला तर ऐकू यावा म्हणून. आपल्याला किती कमी दिसतं हे तिनं भाचीला सांगितलं नव्हतं, संस्थेलाही नाही. चष्मेवालीनं पत्रं वाचायला माणूस हवा का असं विचारलं तेव्हा ही मानी बाई ताठ्यानं म्हणाली होती, “माझी पत्रं मी भिंगाखाली वाचते.” म्हणजे इकडे यांनी ओळ खोडली होती आणि तिकडे तिनं. अशी दोन माणसं संस्थेनं बरोबर एकमेकांच्या गळ्यात बांधली. काकांनीही तिचं गुपित सांभाळलं. संस्थेला दर महिन्याला भरून द्यायच्या कागदावर ‘नजर’ या रकान्यात ते सुवाच्य अक्षरात ‘बरी’ असं लिहायचे.

एके दिवशी त्यांनी तिला सांगितलं, “आमच्यात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात.” तिनं तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि म्हणाली, “मग म्हणा की. कुणी काही म्हणून हाक मारल्याला फार दिवस झाले.” तेव्हापासून ती अक्का झाली. मंगळवार आणि शुक्रवार सोडून उरलेल्या दिवसांत काका काय करायचे म्हणाल, तर मंगळवारची आणि शुक्रवारची वाट बघायचे.

वर जाताना खालच्या पेटीतलं टपाल काढून न्यायचं, हे त्यांचं सगळ्यात लाडकं काम. किल्ली अक्कानंच दिली होती. दारात उभं राहून ते जुन्या थाटात म्हणायचे, “टपाल!” ती दोन्ही हात पुढे करायची, पाकिटावरून अंगठा फिरवायची, पत्त्याच्या जागी गुळगुळीत कागदाची खिडकी लागली की म्हणायची, “घराच्या ऑफिसचं दिसतंय. जिना रंगवणार, नाही तर पाणी बंद. ठेवा तिथे, नंतर बघते.”

‘तिथे’ म्हणजे शिलाई मशिनच्या खणात. काका तिथे ठेवायचे, आणि नुसते ठेवतील तर ते काका कसले! जाहिराती एका बाजूला. घराच्या ऑफिसची, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या कचेरीची पाकिटं, ज्यांच्यावर ऑफिसचा शिक्का असायचा, ती दुसऱ्या बाजूला. आणि तिसरा एक गठ्ठा होता. त्या पाकिटांनाही खिडकीच होती, पण शिक्का नव्हता. मागे बारीक अक्षरात एवढंच छापलेलं होतं, ‘न पोचल्यास पेटी क्रमांक चाळीसकडे परत.’ पहिलं आलं थंडी सुरू होताना. दुसरं त्यानंतर सहा आठवड्यांनी. तिसरं लवकर आलं आणि जरा जाड होतं. काका ती तारीखवार लावून सुतळीनं बांधायचे, टपाल कचेरीतली ती खास गाठ मारून, जी एका टोकाला ओढली की सुटते.

हे पाकीट घराच्या ऑफिसचं नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. अक्का, हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. त्याला ना पत्र फोडावं लागत होतं ना वाचावं. पण काकांच्या हिशेबी पाठवणाऱ्याबद्दल चौकशी करणं हीसुद्धा टपालाशी बेइमानीच होती. पाकिटांचे डिंक तसेच्या तसे चिकटलेले आहेत हे त्यांना दिसत होतं. खिडकीत ठेवलेल्या तिच्या भिंगावर धूळ बसली आहे हेही दिसत होतं. दिसत होतं आणि ते गप्प बसत होते, आणि या गप्प बसण्याचा त्यांना वर अभिमान होता. माणूस चांगुलपणानं किती आंधळा होऊ शकतो याला काही सुमारच नाही.

तिसरं पाकीट आलं त्या शुक्रवारी अक्का ते बराच वेळ हातात धरून बसली. एरवीसारखं ‘ठेवा तिथे’ म्हणाली नाही. मग म्हणाली, “पोस्टमन, तुम्हाला आमची अक्षरं नीट वाचता येतात का हो?”

“म्हणजे काय! घडाघडा वाचतो,” काका म्हणाले. आणि तिथेच थांबायचं सोडून पुढे म्हणाले, “पण दुसऱ्याचं पत्र नाही वाचत मी. कानाला खडा लावलाय.”

“का?”

मग त्यांनी सांगितलं. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. त्यांच्या भागात पुष्कळांना वाचता यायचं नाही, म्हणून काका दारात उभे राहून पत्रं वाचून दाखवायचे. नुसती वाचायचे नाहीत, आवाज काढून, रडायच्या जागी थांबून. बायका म्हणायच्या, पत्र ऐकावं तर यांच्या तोंडून. असंच एकीला तिच्या नवऱ्याचं पत्र वाचायला घेतलं. आधी नजर टाकायची तर तेवढाही धीर नव्हता. जिन्यात चार शेजारणी ऐकत उभ्या होत्या. नवऱ्यानं लिहिलं होतं, मी इकडे दुसरा संसार थाटलाय, तू माझी वाट बघू नकोस. काकांनी शब्द गिळायच्या आत तो तोंडातून गेला होता. त्या बाईनं पत्र घेतलं, घडी घातली, आत गेली. तिसऱ्या दिवशी दाराला कुलूप. ती कुठे गेली हे कुणालाही कळलं नाही. तिच्या नावाचं टपाल मात्र वर्षभर येत राहिलं, आणि काका त्यावर ‘पत्ता सोडला’ असा शेरा मारून परत पाठवत राहिले.

“तेव्हापासून नाही,” काका म्हणाले. “पाकीट हातात द्यायचं आणि पाठ फिरवायची. आत काय आहे ते ज्याचं त्याला माहीत.”

हातातलं पाकीट अक्कानं हळूच मांडीवर उलटं ठेवलं.

“बरोबर केलंत तुम्ही,” ती म्हणाली. “ठेवा हे तिथे. आणखी चहा घेणार?”

काकांना त्या दिवशी फार हलकं वाटलं. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

चौथं पाकीट थंडी संपताना आलं. पातळ, एका कागदाचं. त्यानंतर पेटी क्रमांक चाळीसकडून काहीच आलं नाही. तीनदा लिहून चौथ्यांदा थोडक्यात लिहिणारं आणि मग गप्प होणारं ऑफिस म्हणजे काय, हे पोस्टमनइतकं कुणाला कळणार? “अक्का, ती पाकिटं वाचलीत ना?” काकांनी एकदा विचारलं.

“वाचली,” ती ताडकन म्हणाली. काकांना सुटल्यासारखं झालं. त्यांना नेमकं तेच उत्तर हवं होतं.

झाडांना पालवी फुटली त्या सुमाराचा एक मंगळवार. सकाळचं ऊन खिडकीतून थेट अक्काच्या तोंडावर आलं होतं, डोळे मिटावेत इतकं. ती चहा ओतत होती. बोट कपात होतं, पण चहा कपाबाहेर, टेबलावरून खाली तिच्या पायांवर पडत होता.

“आज आभाळ भरून आलंय का हो?” तिनं विचारलं. “सकाळपासून खिडकी सापडत नाहीये.”

काकांनी तिच्या हातातली किटली काढून घेतली. “आपण हॉस्पिटलमध्ये जाऊ,” एवढंच म्हणाले.

“फोन कुठे आलाय अजून?”

“आपणच जाऊन विचारू.”

बावन्न पायऱ्या ती त्यांचा कोपर धरून उतरली. प्रत्येक पायरी मोठ्यानं मोजत होती, म्हणून काकांना बोलावं लागलं नाही. हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या कारकुनानं अक्काचं नाव विचारलं, संगणकात शोधलं आणि तो म्हणाला, “तुमचं नाव यादीतून कमी झालंय.”

“मला फोन आला नाही,” अक्का म्हणाली. “फोनपासून मी हलले नाही.”

“तारखा आम्ही पत्रानंच कळवतो. चार पत्रं गेलीत. पाकिटामागे पेटी चाळीस छापलेलं असतं, ती आमचीच. एकही पत्र परत आलेलं नाही, म्हणजे पोचली.”

“पोचली,” काका म्हणाले. “मीच पोचवली.”

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. नंबर नसताना त्यांनी आत घेतलं, बराच वेळ तपासलं. मग अक्काचा हात हातात घेऊन सांगितलं की आता ऑपरेशन करून काही उपयोग नाही. थंडीच्या सुरुवातीला केलं असतं तर होतं तेवढं वाचलं असतं. अक्कानं मान हलवली. “बरं,” म्हणाली. बसमध्ये ती काकांशेजारी ताठ बसून होती आणि काका खिडकीकडे तोंड करून रडत होते. तिला ते दिसणार नाही याची आता खात्रीच होती, आणि त्यानं त्यांना जास्तच रडू येत होतं.

घरी आल्यावर कोटही न काढता ती खुर्चीत बसली. “खणातली ती पाकिटं आणा,” म्हणाली. “आता वाचा.”

“अक्का...”

“वाचा म्हणतेय ना. काय लिहिलं होतं ते तरी कळू दे.”

काकांनी सुतळीचं टोक ओढलं. गाठ एका झटक्यात सुटली. चौतीस वर्षं नोकरीची आणि वरची पाच निवृत्तीची, एवढ्या काळात त्या बाईच्या पत्रानंतर दुसऱ्याचं पाकीट पहिल्यांदाच फोडताना त्यांची बोटं डिंकावरच अडकत होती. पहिल्या पत्रात ऑपरेशनची तारीख होती. दुसऱ्यात, आपण आला नाहीत म्हणून ही नवी तारीख. तिसऱ्यात तारीख, सोबत भरून पाठवायचा फॉर्म आणि उत्तर न आल्यास नाव कमी करू अशी सूचना. चौथ्यात, नाव कमी केलं आहे. प्रत्येक पत्राच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात एकच ओळ होती, ‘हे पत्र मोठ्या अक्षरात हवे असल्यास लेखी कळवावे.’ काकांनी तीही वाचली, कारण आता काही गाळायचा त्यांना अधिकार राहिला नव्हता.

अक्का ते ऐकून हसली. खरंच हसली, तोंडावर हात धरून. मग तिचा हात तसाच तोंडावर राहिला.

“त्या शुक्रवारी मी तुम्हाला विचारणारच होते,” ती म्हणाली. “जाडं पाकीट आलं होतं बघा, त्या दिवशी. वाचून दाखवा म्हणणार होते. मग तुम्ही त्या बाईचं सांगितलंत. म्हटलं, या माणसाला कशाला पुन्हा त्या दारात उभं करा.”

काका तिच्या पायाशी जमिनीवर बसले. “अक्का, तुम्ही नुसतं वाचा म्हणाला असतात तरी...” ते म्हणाले, पण पुढचं वाक्य खोटं होतं. त्या शुक्रवारी तिनं विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते, आणि घरी जाताना पुन्हा छाती काढून गेले असते. हे दोघांनाही ठाऊक होतं.

तीन आठवड्यांत भाची आली. वाईट बाई नव्हती ती. रजा काढून आली होती, घाईत होती. शिलाई मशीन कुणीतरी घेऊन गेलं. अक्का ज्या वृद्धाश्रमात गेली तो भाचीच्या शहराजवळ होता, बसनं साडेतीन तास. चष्मेवाली म्हणाली, तो भाग आपल्या संस्थेत येत नाही. तिनं काकांचा जुना फॉर्म काढला आणि चष्मा शोधत विचारलं, “दुसरे एक आजोबा आहेत. आणि ही ओळ? आता कामात धरू का?” काका त्या सरळ रेघेकडे बघत राहिले. “धरा,” म्हणाले. पण त्या आजोबांकडे ते गेले नाहीत.

त्याऐवजी ते अक्काला पत्रं लिहू लागले. जन्मभर लोकांची पत्रं वाहिली, स्वतः लिहायची वेळ कधी आली नव्हती. दर मंगळवारी लिहायचे, सूनबाई भाषेच्या चुका काढून द्यायची. जिना रंगवला, तुमच्या खिडकीत आता कुणीतरी कुंडी ठेवलीय, माझ्या बुटाला नवी टाच बसवली, असलं काहीबाही. शेवटी दर वेळी तेच, माझ्याकडून चूक झाली, अक्का. सात पत्रं गेली. उत्तर आलं नाही. उत्तराची त्यांना अपेक्षा नव्हती, फक्त तिकडे कुणीतरी ती तिला वाचून दाखवत असेल एवढं धरून ते चालले होते.

आठव्या आठवड्यात ते स्वतःच गेले. अक्का एका लांब खोलीत, सहा पलंगांपैकी चौथ्यावर बसली होती. त्यांच्या पावलांकडे तिनं कान टवकारले नाहीत. बुटाची टाच नवी होती. त्यांनी “अक्का” म्हटल्यावर मान वळली. ती बारीक झाली होती. चहा मिळतो, म्हणाली, पण ओतू देत नाहीत.

पलंगाशेजारच्या कपाटाचा खण उघडा होता. आत त्यांची सातही पत्रं होती, एकावर एक, डिंक तसाच. काकांनी येणाऱ्या-जाणाऱ्या परिचारिकेला थांबवून विचारलं. ती चादर घडी करता करता म्हणाली, “खासगी पत्रं आम्ही फोडत नाही हो. घरचं कुणी आलं की ते वाचतात.” भाची अजून आली नव्हती.

काकांनी ती पत्रं काढली, तारीखवार लावली. “अक्का, ही माझी आहेत. मीच लिहिलीत. वाचून दाखवू?”

तिनं हात पुढे केला, वरच्या पाकिटावरून अंगठा फिरवला. खिडकी नव्हती, हातानं लिहिलेला पत्ता होता, पण अंगठ्याला त्यातलं काय कळणार? ती ते थोडा वेळ धरून बसली आणि मग तिनं ते त्यांच्याकडे परत केलं.

“ठेवा तिथे,” ती म्हणाली. “नंतर बघते.”

काकांनी पत्रं खणात ठेवली. भेटीची वेळ संपेपर्यंत ते तिच्याशेजारी बसून राहिले.